आठवड्याचे दोन तास

४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार, तोही मनातल्या मनात. हे पत्र मी विभागाच्या कॉरिडॉरमध्ये उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिते आहे, कारण आत बसवत नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला इथे ओरडता येत नाही. ओरडले तर सगळ्या विद्यापीठाला कळेल की मी मामाकडे मदत मागते आहे.

बातमी अशी की मी अभ्यासक्रम सुधारणा समितीची सदस्य सचिव झाले. अभिनंदन करू नकोस. सात जणांत मी वयाने लहान आणि माझं अक्षर बरं, एवढीच माझी गुणवत्ता. सहा जण बोलतात, मी लिहिते. अध्यक्षांना पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणतात. कागदावरची कुठलीही ओळ ते पट्टी लावल्याशिवाय अधोरेखित करत नाहीत, आणि माणसाकडेही त्याच नजरेने बघतात.

समितीच्या खोलीत एका भिंतभर तपकिरी कागद लावला आहे. त्यावर तिन्ही वर्षांचे विषय पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून टाचले आहेत. एक पट्टी म्हणजे एक विषय. आठवड्याचे तास ठरलेले, तेव्हा नवी पट्टी लावायची तर जुनी काढायलाच हवी. कुठली काढायची यावरून पहिल्याच बैठकीत दोन प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी राहिले होते, म्हणून फूटपट्टींनी नियम केला. प्रत्येक जुन्या विषयाचं मूळ उद्देश-टिपण मी मोठ्याने वाचायचं. म्हणजे तो विषय आणला तेव्हा का आणला, ते सांगणारा फाइलमधला कागद. पटलं तर पट्टी राहते. टिपणच सापडलं नाही, तर चर्चा न करता पट्टी खाली. आतापर्यंत अकरा आल्या. टाचण्या मीच काढते.

आता खरं काम सांगते. पुढच्या यादीत आईचा विषय आहे. 'क्षेत्रीय मोजणी', दुसरं वर्ष, आठवड्याला दोन तास. तुला आठवत असेलच. विद्यार्थी जोडीजोडीने ग्रंथालयाच्या दाराशी, बसथांब्यावर, कॅन्टीनच्या खिडकीपाशी उभे राहतात, एकमेकांशी न बोलता तासभर तेच मोजतात, आणि दोघांचे आकडे कधी म्हणजे कधी जुळत नाहीत. मग ते का जुळले नाहीत, हे दोघांनी मिळून एका कागदावर लिहायचं. संगणक विभागवाले म्हणतात, हे काम दाराला लावलेलं यंत्र करतं, पोरांना उन्हात कशाला उभं करता? त्यांना त्यांच्या नव्या विषयासाठी नेमके दोनच तास हवे आहेत.

आणि फाइलमध्ये टिपण नाही. मी दफ्तरखान्यात अर्ज टाकला आहे, पण तिथून उत्तर यायला किती दिवस लागतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा अभ्यास मंडळाचा अध्यक्ष तूच होतास. विषय तूच आणलास. तो का आणला, एवढंच लिहून पाठव.

आईने तो बावीस वर्षं शिकवला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, गुडघ्यांमुळे ती हल्ली जिनाही उतरत नाही, पण मी घरी आले की चपला काढायच्या आत विचारते, "आज कोणाची पट्टी गेली?" तिची गेली हे तिला सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. माझा जीव नुसता वरखाली होतो आहे.

तुम्ही दोघं नऊ वर्षं धड बोलत नाही हे मला माहीत आहे. का, ते मी विचारलेलं नाही आणि आताही विचारत नाही.

तुझी,
भिंगरी


११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि थोडी कीवसुद्धा. समितीची सचिव झालीस म्हणजे आता तुझं तारुण्य संपलं. मी तीन समित्यांचा सचिव होतो. त्यातल्या एका समितीचा अहवाल अजून यायचा आहे.

इथे सगळं ठीक. चिरंजीवांनी मला भिंतीकडे तोंड करून टेबल लावून दिलं आहे, म्हणजे मी खिडकीतून बघत वेळ घालवणार नाही. खाली शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या मशीनची घरघर मला कानातल्या यंत्राशिवायही ऐकू येते. सूनबाई म्हणतात तो मनाचा भास. असेल.

तुझ्या विषयाचं म्हणशील, तर तो मला अगदी काल आणल्यासारखा आठवतो. त्यामागे मोठा विचार होता, बरं का. त्या काळी सांख्यिकी म्हणजे पुस्तकातली तयार आकडेवारी घ्यायची आणि सूत्रात टाकायची. आकडा मुळात येतो कुठून, हे पोरांना ठाऊकच नसायचं. टिपण सोबत जोडलं आहे. जुन्या वळणाच्या भाषेत लिहिलं आहे, तुमच्या फूटपट्टींना आवडेल. त्यातला एक परिच्छेद इथेच देतो:

"मोजणारा हाही मोजणीचा भाग असतो, याची जाणीव विद्यार्थ्यांना ग्रंथांतून होणे शक्य नाही. सबब त्यांनी जोडीने मोजावे, ही कल्पना प्रस्तुत लेखकास दीर्घ चिंतनानंतर सुचली."

काय, बरं आहे ना? वाचताना आवाज जरा खाली ठेव. मोठ्या आवाजातलं कोणालाच पटत नाही.

आणि एवढी उभ्याने पत्रं लिहू नकोस. लहानपणीही तू जेवताना तीनदा उठायचीस.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या आईचे गुडघे फार दुखतात का? मी विचारलं असं सांगू नकोस.


२० ऑगस्ट

प्रिय मामा,

वाचली! पट्टी वाचली! निदान पहिल्या फेरीत. तुझं टिपण वाचताना माझा पाय टेबलाखाली इतका हलत होता की शेजारच्या रसायनवाल्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'मोजणारा हाही मोजणीचा भाग' या ओळीला फूटपट्टींनी खिशातून पट्टी काढून रेघ मारली. दोनदा. हा मान आजवर कोणाला मिळाला नव्हता. संगणकवाले तेवढे कुरकुरले.

मी तेवढ्यावर थांबलेले नाही. अहवालाच्या मसुद्यात या विषयावर दीड पान लिहिलं आहे. त्यात 'या विषयाची संकल्पना' म्हणून तुझं नाव घातलं आहे, पूर्ण, पदासकट. बाकीच्या पट्ट्यांसाठीही हाच नमुना वापरावा असं अध्यक्ष म्हणाले. म्हणजे बघ!

आता घरची गंमत. तू सांगू नको म्हणालास ते गुडघ्यांचं, टिपणाबद्दल काही बोलला नव्हतास. म्हणून मी आईला ते वाचून दाखवलं. ती मटार सोलत बसली होती. 'दीर्घ चिंतनानंतर' आलं तशी तिचे हात थांबले. "कशानंतर?" म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तर इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. मग "छान लिहितो. पहिल्यापासूनच," असं म्हणून मटार तसेच टाकून आत निघून गेली.

मला वाटतं तिचं मन भरून आलं. नऊ वर्षांनी तुझे शब्द घरात ऐकू आले ना. मामा, जे काय असेल ते असो, तू एक पत्र सरळ तिलाच का टाकत नाहीस?

मी खूप आनंदात आहे आणि तरी स्वस्थता नाही. अजून एकोणीस पट्ट्या बाकी.

तुझी भिंगरी


२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. घाईत लिहितो. अहवालातून माझं नाव काढ. या वयात कसली नावं आणि पदं. विषय आईने शिकवला, तिचं नाव घाल, नाहीतर कोणाचंच घालू नकोस.

तो दीड पानांचा मजकूरही थोडा आवर. जेवढं कमी लिहिलेलं असतं तेवढं कमी निस्तरावं लागतं.

आणि टिपण तिला पुन्हा दाखवू नकोस. भरून वगैरे काही आलेलं नाही. मी तिला ओळखतो.

मामा


८ सप्टेंबर

मामा,

आज नमस्कार नाही.

माझ्याच अर्जाचं उत्तर आलं. दफ्तरखान्याने शोधून शोधून सत्तावीस वर्षांपूर्वीचं इतिवृत्त काढलं, आणि ते माझ्याकडे न पाठवता रीतसर अध्यक्षांकडे पाठवलं. बैठक सुरू होती. फूटपट्टींनी लिफाफा फोडला, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. मी नेहमीसारखी पेन सरसावून लिहून घेत होते. तिसऱ्या शब्दाला माझ्या लक्षात आलं. अक्षर तुझं होतं म्हणे. ऐक, माझ्याच हातची नक्कल देते:

"ठराव ९. सांख्यिकी विभागातील अध्यापिकेचा कार्यभार आठवड्याला चौदा तासच भरत असल्याने त्यांना कायम करता येत नाही. सोळा तास पूर्ण व्हावेत म्हणून 'क्षेत्रीय मोजणी' हा दोन तासांचा विषय समाविष्ट करावा. विषयात काय शिकवावे ते अध्यापिकेने ठरवावे."

बस. एवढंच. मोजणारा नाही, मोजणीचा भाग नाही, चिंतन तर कुठेच नाही.

रसायनवाल्या बाई टेबलावरच्या कपाच्या डागाकडे बघत राहिल्या. मग संगणकवाल्यांनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "मग सचिवांनी वाचलं ते मूळ टिपण कुठलं?" मामा, मी त्या टिपणावर 'मूळ' असा शिक्का मारून ते फाइलला लावलं होतं. तू त्यावर तारीख घातली नव्हतीस आणि मी ती विचारली नव्हती. का विचारली नाही? कारण मला ते हवं होतं. तीन आठवडे मी ज्या कागदाचा नमुना म्हणून सगळ्यांना दाखला देत होते, तो कागद गेल्या महिन्यात शिंप्याच्या दुकानावर बसून लिहिलेला होता. मी पार तोंडघशी पडले.

पट्टी भिंतीवरून काढली. टाकून दिली नाही, टेबलावर पालथी ठेवली आहे. शेवटचा निर्णय तीन ऑक्टोबरला. माझ्या सचिवपदाचाही त्याच दिवशी. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. तो द्यायलाही मला त्या सहा जणांसमोर उभं राहावं लागेल.

आईला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, मी म्हणते, "तुझ्या विषयाचं अजून निघालं नाही." तुझ्यामुळे मी आता घरातही खोटं बोलते.

मला एकच सांग. ठरावात लिहिलंय ते खरं आहे? आईला नोकरी तू अशी दिलीस? आणि हे तिला माहीत आहे का?

भिंगरी


१९ सप्टेंबर

मामा, अकरा दिवस झाले. पोस्टमन दारावरून जातो तेव्हा मी आधी उठते आणि मग आई माझ्याकडे बघते. उत्तर दे.


२२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

चार वेळा लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. सूनबाईंनी विचारलं, पुस्तक लिहिताय का. आता जे येईल ते येऊ दे.

ठरावात आहे ते खरं आहे. तुझे बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझी आई विभागात तात्पुरती शिकवत होती, दर सहा महिन्यांनी नेमणुकीचा कागद नवा. त्या कागदाच्या आधीचे पंधरा दिवस ती जेवायची नाही. शिकवायची उत्तम, हे माझा शत्रूसुद्धा म्हणेल. पण कायम व्हायला सोळा तास लागायचे आणि तिचे भरायचे चौदा. मी मंडळाचा अध्यक्ष. बैठक संपत आली होती, लोक निघायच्या बेतात होते, चहाचे कप गोळा होत होते. मी दोन तासांचा एक विषय तिथल्या तिथे लिहून काढला. नावसुद्धा शेजारच्या भूगोलाच्या पुस्तकावरून सुचलं. त्याला दहा मिनिटं लागली नसतील. विषयात काय शिकवायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून 'अध्यापिकेने ठरवावे'.

तुझी आई मानी. तिने मला कधी शब्द टाकायला सांगितलं नव्हतं. नेमणूक झाल्यावर माझ्या घरी आली, दारातच उभी राहून विचारलं, "दादा, हे तू केलंस?" मी म्हटलं, "छे! मंडळालाच असा विषय हवा होता, कधीची मागणी होती." ती एवढी खूश झाली की मग मला कधी खरं सांगता आलं नाही. आणि त्या रिकाम्या दोन तासांत तिने काय काय उभं केलं ते मी लांबून बघत राहिलो. जोड्या तिच्या, ते भांडण न करता लिहायचं तिचं. माझं त्यात काहीच नाही. तू विचारलंस तेव्हा मी खरं लिहिलं असतं तर तिला कळलं असतं, म्हणून थाप मारली. आणि थाप मारताना तिच्या बावीस वर्षांच्या कामावर माझं नाव चढवलं. त्याची लाज मला तुझं ते आनंदाचं पत्र आलं तेव्हा वाटली. तरीसुद्धा मी गप्पच बसलो.

आता तू कधी विचारलं नाहीस तेही सांगतो. नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी आमच्या अण्णांना, तुझ्या आजोबांना, छातीत दुखतं म्हणून सकाळी दवाखान्यात नेलं. मी दहा वाजता विभागात निरोप पाठवला, ताबडतोब ये. ती आली पाऊण वाजता. तास संपवून. अण्णा बाराला गेले, आणि शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. मी तिला दवाखान्याच्या पायरीवर, सगळ्या लोकांसमोर, नाही ते बोललो. तिने एका अक्षराने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून आमचं हे असं आहे. बाप मरणाच्या दारात आणि ही पोरांच्या वह्या बघत बसली, हे अजूनही माझ्या मनातून जात नाही.

हे पत्र समितीत वाचून दाखव. टिपण माझं, चूक माझी, सचिवांना ठाऊक नव्हतं, असं स्वच्छ सांग. राजीनामा पर्समध्येच राहू दे. पण त्याआधी हे तुझ्या आईला वाचायला दे. माझ्याच्याने तिला सरळ लिहवत नाही.

मामा


४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझं पत्र मी आईला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "बैठक किती वाजता?" बस्स. दोन दिवस मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. ती म्हणाली, "बस जरा, मला घेरी येते."

तीन तारखेला ती जिना उतरली. एका हाताने कठडा, एका हाताने मी. एकेका पायरीवर थांबत. बोलावणं नव्हतं, पण तिला दारात अडवणार कोण? फूटपट्टी उभेच राहिले. तेही कधीकाळी तिचे विद्यार्थी होते, हे मला तेव्हा कळलं.

मी आधी तुझं पत्र वाचलं, घरगुती भाग सोडून. शिक्का मीच मारला हेही सांगितलं. मग आईने विचारलं, मी काही बोलू का? बोललीच नाही ती. तिने फूटपट्टींना आणि संगणकवाल्यांना खिडकीशी उभं केलं. समोर ग्रंथालयाचं दार. दहा मिनिटांत आत किती माणसं जातात ते मोजा, म्हणाली, आणि एकमेकांशी बोलायचं नाही. ती दोन मोठी माणसं, मामा, ओठ हलवत मोजायला लागली. एकाचे एक्केचाळीस आले, दुसऱ्याचे सत्तेचाळीस. मग जे जुंपलं! एक जण छत्री विसरली म्हणून बाहेर येऊन परत आत गेला, तो एक की दोन? कडेवरचं मूल मोजायचं की नाही? दारातच उभी राहून बोलणारी ती बाई आत की बाहेर? आई खुर्चीवर बसून ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "यंत्राला हे कोणी सांगायचं, ते आधी ठरवा. माझा विषय तेवढाच आहे."

पण नियम तो नियम. मूळ टिपण नाही. तेव्हा आईने कोरा कागद मागितला, चार ओळी लिहिल्या, खाली स्वतःचं नाव आणि त्याच दिवसाची तारीख. मी तो मोठ्याने वाचला. सही करण्याआधी तिने एक अट घातली. ठराव नऊ फाइलमधून काढायचा नाही, तिचं टिपण त्याच्याच खाली लावायचं.

तासभर वाद झाला. शेवटी दोनातला एक तास राहिला. दुसरा संगणकवाल्यांना. मी पट्टी कात्रीने अर्धी केली आणि परत टाचली. मला कमी वाटलं. आई म्हणाली, "एक पुरेसा आहे, नीट घेतला तर." राजीनामा फूटपट्टींनी वाचला, खालच्या ओळीतली एक चूक पट्टीने दाखवली आणि परत केला.

आईने आज सकाळी माझ्याकडे पाकीट आणि तिकीट मागितलं. तिचं पत्र या पत्राबरोबरच टाकते आहे. मी ते वाचलेलं नाही. वाचायची फार इच्छा झाली, पण नाही वाचलं.

तुझी भिंगरी


४ ऑक्टोबर

दादा,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

जोड्या माझ्या आहेत. पहिल्या आठवड्यात त्या दोन तासांत काय करायचं हे मला सुचेना, म्हणून चाळीस मुलं फाटकाशी उभी केली आणि माणसं मोजा म्हटलं. चाळीस आकडे आले. मला वाटलं, माझी फजिती झाली. घरी येऊन रडले. दुसऱ्या आठवड्यात जोड्या केल्या. तुझं ते चिंतन वाचून मला हसू आलं आणि मग फार राग आला. तो अजून आहे. नोकरीचं श्रेय तू घे, ते तुझंच आहे. हे घ्यायला नको होतंस.

राहिलं ते दुसरं. तुला वाटतं मला ते परवा कळलं. दादा, मी आकड्यांची मास्तरीण. चौदा आणि दोन सोळा होतात हे मला तुझ्या दारात उभं राहायच्या आधीच कळलं होतं. तुला विचारलं ते तू नाही म्हणावंस म्हणून विचारलं. तू नाही म्हणालास आणि मी खूश झाल्यासारखं दाखवलं. मला ती नोकरी हवी होती. पदरात पोर होतं. तू खोटं बोललास आणि मी ते चालवून घेतलं, दोघांनी मिळून केलं ते. मी हे आजवर कोणाला बोलले नाही. पोरीलाही नाही.

पण शिक्षकांच्या खोलीत एकाने पहिल्याच महिन्यात मला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "भावाच्या कृपेचे तास." त्या दिवशी मी ठरवलं, बाकी कुठल्याही तासाला रजा टाकीन, या दोन तासांना नाही. नाहीच टाकली. ताप असताना गेले. पोरगी दवाखान्यात असताना तिला शेजारणीकडे सोपवून गेले. ते तास दर मंगळवारी साडेदहा ते साडेबारा असायचे.

तुझा निरोप आला तेव्हा मी खडू हातात घेऊन दारात उभी होते. तेव्हा मला कायम होऊन अठरा वर्षं झाली होती. मी निघून आले असते तर कोणी एका शब्दाने विचारलं नसतं, हे मला आज कळतं. त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, अण्णांना असं दोनदा झालंय आणि दोनदा ते बरे झालेत, तास संपवून जाऊ. दोन तास घड्याळाकडेच बघत होते. मुलांचे आकडे कोणी सांगितले, काय लिहिलं, मला एक अक्षर आठवत नाही. बावीस वर्षांतला तो एकच तास मी वाईट घेतला.

पायरीवर तू बोललास त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आणि उत्तर दिलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं की ते तास मी का सोडत नव्हते. त्या दिवशी ते तुला ऐकवायचं नव्हतं. तू आधीच रडत होतास.

मला यायचं होतं, दादा. अण्णांपाशी मला तुझ्या आधी पोचायचं होतं.

तुझी,
धाकटी